पश्चिमेचे दार, चक्क्याचा केक आणि जेमतेम वीस मिनिटे

आपल्या मुलीचा पहिला वाढदिवस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आहे आणि त्याच्या आठ-दहा दिवस आधी, पाहुण्यांची गर्दी नसताना, घरीच तिच्या 'केक स्मॅश'चे, म्हणजे बाळ केक हाताने कुस्करून माखून घेते त्या गमतीचे, फोटो काढायचे आहेत, असे आपण लिहिले आहे. पुण्यातला दहा बाय चौदा फुटांचा दिवाणखाना, पश्चिमेला बाल्कनीचे सरकते दार, एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा कॅमेरा, त्याच्यासोबत मिळालेली १८-५५ मिमीची किट लेन्स आणि ५० मिमी एफ १.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितके लेन्सचे छिद्र मोठे), एवढे साहित्य हाताशी असताना सॉफ्टबॉक्ससह (प्रकाश मऊ करणाऱ्या कापडी पेटीसह) फ्लॅश विकत घ्यावा का, हा आपला मुख्य प्रश्न आहे. घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गेल्या काही वर्षांत नात्यातल्या आणि सोसायटीतल्या बऱ्याच बाळांचे असे फोटो मी काढले, पण त्यातला एकही उपकरण कमी पडले म्हणून बिघडला नाही. जे बिघडले ते बाळ समोर बसल्यावर तयारी करत राहिल्यामुळे बिघडले. वर्षाच्या मुलाचा उत्साह वीस मिनिटांच्या पुढे क्वचितच टिकतो, म्हणून प्रकाश, जागा आणि कॅमेऱ्याची मांडणी आदल्या दिवशीच कायम करून ठेवावी.

आपले पश्चिमेचे दार ही मोठी सोय आहे. सकाळी सूर्य इमारतीच्या मागच्या बाजूला असल्यामुळे त्या दारातून फक्त आकाशाचा मऊ, सावल्या न टोचणारा प्रकाश येतो आणि तो दुपारपर्यंत तसाच राहतो. मुलगी सकाळची झोप काढून साडेनऊ-दहाला ताजीतवानी उठत असेल, तर हीच वेळ धरावी. पडदे पूर्ण बाजूला करावेत; मऊ प्रकाशाला पुन्हा पडद्यातून गाळण्याने केवळ उजेड कमी होतो. कुणी आपल्याला स्वयंपाकघरातली उत्तरेची खिडकी सुचवली असेल, तर एक लक्षात घ्यावे की पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य माथ्याच्या उत्तरेकडे असतो, त्यामुळे 'उत्तरेचा प्रकाश नेहमी मऊ' हा पुस्तकी नियम आपल्याकडे जूनमध्ये लागू पडत नाही.

मुलीला दारापासून तीन-चार फुटांवर, दार तिच्या एका कुशीला राहील आणि तोंड किंचित दाराकडे वळेल असे बसवावे. दुसऱ्या बाजूला कपडे वाळत घालायच्या स्टँडवर पांढरी चादर टाकून उभी केली, की गालावरची गडद सावली उजळते. घरातले सगळे दिवे मात्र बंद ठेवावेत. दिव्याचा पिवळेपणा आणि आकाशाचा निळेपणा एकाच चेहऱ्यावर आला तर तो नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नीट निवळत नाही, शिवाय आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने कित्येक एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरवर फोटोत आडवे पट्टे उमटतात. भिंत पोपटी किंवा गुलाबी असेल, तर तिची झाक त्वचेवर उतरते. मागे फिक्या रंगाची, बारीक काठांची जुनी सुती साडी इस्त्री करून ताणून लावावी आणि मुलगी तिच्यापासून तीन फूट तरी पुढे बसेल असे पाहावे. पंखा चालू राहिला तर साडी फडफडते, म्हणून खोली आधी गार करून घ्यावी आणि तेवढ्या वेळापुरता पंखा बंद ठेवावा.

आता लेन्सविषयी. आपल्या सेन्सरवर ५० मिमीने दीड मीटर रुंदीचे दृश्य टिपायचे असेल, तर सुमारे सव्वातीन मीटर, म्हणजे साडेदहा फूट मागे जावे लागते. मागच्या साडीचे तीन फूट आणि आपण स्वतः पालथे पडाल ती जागा धरली, तर चौदा फुटांची खोली संपतेच. म्हणून पूर्ण दृश्यासाठी किट लेन्स ३५ मिमीवर ठेवावी, जिला तेवढ्याच दृश्यासाठी सव्वादोन मीटर पुरतात, आणि ५० मिमी चेहरा व हात यांच्यासाठी राखावी. ती एफ १.८ वर उघडण्याचा मोह मात्र टाळावा. दोन मीटरवरून त्या छिद्रावर स्पष्टतेची पट्टी जेमतेम अकरा-बारा सेंटीमीटर खोल असते. डोळे स्पष्ट येतात, पण पुढे केलेला केकने माखलेला हात, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, धूसर होतो. एफ २.८ ते एफ ४, शटर १/३२० सेकंद किंवा त्याहून वेगवान, आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता; ती वाढली की फोटो दाणेदार होतो) स्वयंचलित, पण कमाल मर्यादा ३२०० वर बांधलेली, एवढे पुरे. जूनच्या ढगाळ सकाळी आयएसओ १६०० च्या वर जाईल, जाऊ द्यावा. दाणेदार फोटो चालतो. हललेला हात दुरुस्त होत नाही. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढावेत, कारण पांढऱ्या क्रीमवर प्रकाश जास्त झाला तर तिथला तपशील उडून जातो आणि रॉमधून तो थोडाफार परत आणता येतो. कॅमेरा बाळाच्या डोळ्यांच्या पातळीवर हवा, म्हणजे आपण जमिनीवर. उभे राहून काढलेल्या फोटोंत फक्त टाळू दिसते.

ही सगळी तालीम आदल्या दिवशी त्याच वेळी, मुलीच्या जागी गुंडाळलेली गोधडी बसवून करावी. घरातले हसतील, हसू द्यावे.

केकविषयी मी थोडे विस्ताराने लिहिते, कारण माझ्या स्वतःच्या मुलीच्या वेळी मी नेमकी इथेच चुकले. विकतचा फाँडंटचा (साखरेच्या लाटलेल्या थराचा) गुळगुळीत केक आणला, तो दिसायला देखणा रहावा म्हणून शेवटच्या क्षणापर्यंत फ्रिजमध्ये ठेवला आणि तसाच पुढ्यात मांडला. तिने बोट लावले, ते गारठले, वरचा थर काही फुटेना, आणि तिने जो भोकाड पसरला तो आजीने कडेवर घेईपर्यंत थांबला नाही. फाँडंट लहान मुलाच्या बोटांनी तुटत नाही, आणि थंड बटरक्रीमही दगडासारखे असते. केक तासभर आधी बाहेर काढावा आणि समोरच्या बाजूचा एक घास आपणच खणून ठेवावा. मुलांना आयता खड्डा दिसला की ती त्यात हात घालतात. गडद लाल क्रीम टाळावे, कारण फोटोत ते तोंडाभोवती जखमेसारखे दिसते. फिका पिवळा किंवा पांढरा थर सर्वांत चांगला उठतो.

घरी करायचा असेल तर नाचणी, गहू आणि पिकलेले केळे यांचा छोटा केक करून त्यावर घट्ट बांधलेला चक्का फेटून लावावा. चक्का क्रीमसारखाच शिखरे धरतो, आणि साखर घातली नाही तरी त्याच्या चेहऱ्यावरून ते कळत नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना जास्त साखरेचे पदार्थ देऊ नयेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ ची शिफारस आहे. तेव्हा हा काही केवळ माझा सोवळेपणा नव्हे. मात्र मध अजिबात नको. आपण फोटो वाढदिवसाआधी काढणार आहात, म्हणजे मुलगी तेव्हा बारा महिन्यांची झालेली नसेल, आणि मधातल्या बोट्युलिनम या विषारी जिवाणूच्या बीजाणूंचा धोका याच वयात असतो. केक भाजल्याने ते बीजाणू नष्ट होत नाहीत. अख्खे काजू-बदाम, द्राक्षे आणि चांदीचे खडे सजावटीतही नसावेत. तिने अजून न खाल्लेला कोणताही पदार्थ आधी चार-पाच दिवस थोडा थोडा देऊन पाहावा, त्या दिवशी पहिल्यांदा नको. सजावटीचे फुगे तिच्या हाताला लागणार नाहीत इतके लांब बांधावेत, कारण फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकू शकतो.

प्रत्यक्ष दिवशी केकने सुरुवात करू नये. आधी स्वच्छ झबल्यात पाटावर बसवून औक्षण करावे, आणि ओवाळणारीचे हात, अक्षता, कुंकवाचे बोट हे फोटो शांतपणे घ्यावेत. निरांजनाचे तबक तिच्या हाताच्या टप्प्याबाहेर राहील आणि ओवाळून झाल्यावर लगेच खोलीबाहेर जाईल, ही जबाबदारी एका माणसावर टाकावी. मग झबले काढून, ओट्यावर किंवा टेबलावर घालतात ते रेक्झिन जमिनीला चिकटपट्टीने पक्के करून, त्यावर जुनी चादर पसरून केक आणावा. उघड्या रेक्झिनवर तुपट क्रीम सांडले की ते निसरडे होते, आणि ती उठून उभी राहू पाहणारच. आईने कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, शक्य तर आपल्या खांद्याला खांदा लावून बसावे, म्हणजे मुलीची नजर लेन्सकडे राहील. टाळ्या वाजवून चौघांनी चार दिशांनी हाका मारणे कटाक्षाने थांबवावे.

काही मुले केकला शिवतच नाहीत. चिकट स्पर्श त्यांना नकोसा वाटतो. अशा वेळी हात धरून केकमध्ये बुडवू नये. लाकडी चमचा हातात द्यावा, किंवा आईने स्वतः बोट बुडवून चाटून दाखवावे. तरीही रडू आले तर थांबावे आणि तिला आईच्या मांडीवर घेऊन दोघींचेच फोटो काढावेत. मी काढलेल्या फोटोंपैकी एका घरी आज भिंतीवर लावलेला आहे तो असाच, केकचा नव्हे.

शेवटी अंघोळ. घरात तांब्या-पितळेचे घंगाळ असेल तर त्यात चार बोटे कोमट पाणी घेऊन ते त्याच दाराजवळ आणावे; ओल्या केसांवरचा तो बाजूचा प्रकाश फार सुरेख येतो. एकाने सतत हाताच्या अंतरावर असावे, कारण तेवढ्या पाण्यातही बाळाला क्षणभर एकटे सोडता येत नाही. कॅमेऱ्याचा पट्टा मात्र आधी काढून ठेवावा. माझा एकदा पाण्यात लोंबला, आणि चिमुकल्या हाताने तो ओढायला फार वेळ लावला नाही.