मशीनमध्ये धुतलेल्या काळ्या कपड्यांवर पांढरे डाग का राहतात?

बहुतेक वेळा ती न विरघळलेली पावडर असते. ओलं बोट चोळून बघा. डाग गेला तर पावडरच. कपडे साबण न घालता नुसत्या पाण्यात पुन्हा खळबळून काढा, तेवढं पुरतं.

पुढच्या वेळी पावडर मगभर कोमट पाण्यात विरघळवून घाला आणि ड्रम पाऊणच भरा, कोंबलेल्या कपड्यांत पाणी फिरतच नाही. आमच्याकडे बोअरचं जड पाणी. फेस येईना म्हणून मी पावडर वाढवत गेले आणि डागही वाढले. लिक्विड डिटर्जंट नि एक जादा रिन्स, यानेच फरक पडला.

डाग चोळूनही जात नसेल तर तो क्षारांचा असू शकतो. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला. ब्लीचबरोबर मात्र कधीच नको, विषारी वायू तयार होतो.