मनीची साखर 248: इंसुलिन सुरू करू का?

प्रश्न: डॉक्टरसाहेब, आमची मांजर मनी 12 वर्षांची. दोन महिन्यांपासून दूधभाकर, मासोळी सगळं भरभरून खाते, तरी वाळत चालली. गाईच्या टाक्यावर पाणी पेत बसते. तालुक्याला एस.टी.नं नेली तर रक्तातली साखर 248 निघाली. तिथले डॉक्टर म्हणतात, आजच इंसुलिन. दुसरे म्हणतात, नागपूरला नेऊन सगळ्या टेस्ट करा. तुरीचे पैसे अजून हाती नाहीत. काय करू?
— एक भगिनी, दारव्हा तालुका

उत्तर: ताई, इंसुलिन आज नको. मनीला नेली असेल पिशवीत, चेन लावून, बाकाखाली ठेवून. भ्यालेल्या मांजराची साखर तेवढ्यानंही अडीचशेच्या वर चढते आणि शांत झालं की उतरते. नोकरीत असताना मीही एकदा नुसत्या आकड्यावर भरवसा ठेवला. इंसुलिननं त्या बोक्याची साखर फार उतरून झटके आले, हिरड्यांना गूळपाणी चोळत रात्र काढली.

आधी लघवी तपासा, तीही घरची. रात्री मनीला खोलीत कोंडा, स्वच्छ घमेल्यात धुतलेली बारीक गिट्टी पसरून ठेवा. राख किंवा माती नको, ती लघवी पिऊन टाकते. सकाळी बिनसुईच्या सिरिंजनं ओढून घ्या आणि दोनेक तासांत डॉक्टरांकडे पोचवा. यासाठी मनीला न्यायची गरजच नाही! लघवी तपासायच्या पट्टीवर साखर दिसली नाही, तर मधुमेहाचा संशय बराच मागे पडतो. दिसली, तर फ्रुक्टोसामाइन ही रक्ताची टेस्ट करा. त्यात मागच्या दोनेक आठवड्यांची साखरेची सरासरी कळते, एस.टी.तली भीती त्यात येत नाही.

मूत्रपिंडंही पाहायला हवीत, म्हणून त्याच लघवीची घनता मोजायला सांगा. 1.035 च्या वर असेल तर मूत्रपिंडं पाणी नीट राखताहेत. क्रिएटिनिनवर, म्हणजे मूत्रपिंडाच्या नेहमीच्या रक्ततपासणीवर, एकट्यावर विसंबू नका, मूत्रपिंडाचं जवळपास तीन-चतुर्थांश काम बंद पडेस्तोवर ते चढत नाही. आणि कुणी सलाईन लावायला निघालं, तर नमुने आधी घ्या म्हणावं. सलाईननंतरची लघवी पातळच येणार.

माझा खरा संशय मात्र थायरॉइडवर आहे. म्हातारं मांजर, भूक चांगली, अंग मात्र झडतं. पैसे एकाच टेस्टपुरते असतील, तर लघवीनंतर टी-4, म्हणजे रक्तातल्या थायरॉइड हार्मोनची टेस्ट, करा. त्यासाठी नागपूरच कशाला? अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था तुम्हाला जवळ आहे, पण टी-4 होते का ते आधी फोन करून विचारा. टी-4 वाढलेलं निघालं आणि गोळी सुरू झाली, तर महिनाभरानं क्रिएटिनिन पुन्हा पाहायचं, कारण वाढलेलं थायरॉइड मूत्रपिंडाचा बिघाड झाकून ठेवतं.

घरातली माणसांची पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, मांजराला ती जीवघेणी. मनीनं दिवसभर तोंडाला काही लावलं नाही किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेतला, तर मात्र थांबू नका, एस.टी. तर एस.टी. तोवर किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दर सोमवारी तिचं वजन करून कॅलेंडरवर लिहीत जा. पुढच्या पत्रात ते आकडे मला आधी कळवा.