नाव तुमचं, किल्ली कुणाकडे?

मागच्या महिन्यात छोट्या धंद्याच्या वेबसाइटबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, त्यातले निम्म्याहून जास्त आले ते डोमेनचे, म्हणजे वेबसाइटच्या नावाचे. म्हणून यावेळची सगळी जागा त्यालाच देतोय.

प्रश्न : मी लालबागला राहते, घरून मसाले आणि लोणची विकते, आतापर्यंत सगळं व्हॉट्सॲपवरच चाललंय. आता वेबसाइट करायचीये. सासूबाईंच्या नावावरून नाव ठरवलं पण डॉट कॉम दुसऱ्या कुणीतरी आधीच घेतलंय. मुलगा म्हणतो मध्ये डॅश टाकू नाहीतर शेवटी 24 लावू. काय करू?

उत्तर : ताई, तुम्ही कळवलेलं नाव इथे मुद्दाम छापत नाहीये, कारण त्याचं डॉट इन अजून मोकळं दिसतंय आणि छापून आलं की कुणीही उठून घेईल. तुम्हीही ते ग्रुपवर टाकून मतं मागवत बसू नका. नाव शोधलं, मोकळं दिसलं, पक्कं झालं की त्याच दिवशी घेऊन टाकायचं.

डॅश नको आणि 24 पण नको. मागे एकदा परळला एका दुकानात बसलो होतो, मालकीणबाई फोनवर गिऱ्हाइकाला साइटचं नाव सांगत होत्या, "मध्ये आडवी रेघ, अहो खालची नाही, मधली, हां ती", असं तीन वेळा झालं आणि शेवटी म्हणाल्या जाऊ दे, मी तुम्हाला व्हॉट्सॲपच करते. ते बघितल्यापासून मी कुणालाच डॅश घेऊ देत नाही. आणि बिनडॅशचं नाव दुसऱ्याकडे असेल तर तुमचं विसरभोळं गिऱ्हाईक सरळ त्याच्या दारात जाणार, म्हणजे जाहिरात तुमची आणि ऑर्डर त्याची.

आपल्या मराठी नावांची खरी अडचण स्पेलिंगची असते. साधा 'वहिनी' शब्द घ्या, कुणी व्हीने लिहितं, कुणी डब्ल्यूने, कुणी शेवटी आय लावतं, कुणी डबल ई. त्यामुळे नाव ठरवायच्या आधी पाच जणांना फोन करा, फक्त नाव बोला, स्पेलिंग सांगू नका, आणि ऐकून टाइप करून पाठव म्हणा. पाचपैकी चार जणांचं एकसारखं आलं तर नाव चांगलं. दोनच जुळली तर दुसरं शोधा, नाहीतर चुकीचं वाटणारं स्पेलिंगही विकत घेऊन मूळ साइटवर वळवा. नियमाने 63 अक्षरांपर्यंत नाव चालतं, पण बरणीच्या लेबलवर बसायला हवं ना, बारा-पंधराच्या पुढे जाऊच नका.

अजून एक काम नक्की करा. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर फुकट शोधता येतं, तिथे तुमचं नाव टाकून बघा, तिथे मालाचे गट म्हणजे क्लास असतात, मसाले क्लास 30 मध्ये येतात आणि लोणची 29 मध्ये, दोन्हीकडे बघा. डोमेन मोकळं आहे म्हणजे ते घ्यायचा हक्क आहे असं होत नाही. आपल्याच मुंबई हायकोर्टात 1999 साली रेडिफ या वेबसाइटची केस झाली होती, समोरच्याने ई-च्या जागी ए टाकून 'रॅडिफ' घेतलं होतं, कोर्टाने ते वापरायला मनाई केली. पुढे 2004 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की डोमेन नेमला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळू शकतं. म्हणून प्रसिद्ध मसालेवाल्याच्या नावात एक अक्षर फिरवून घेण्याचा मोह कुणी घातला तर ऐकू नका.

प्रश्न : डॉट कॉम, डॉट इन की डॉट भारत? आमचा मुलुंडला शिलाईचा क्लास आहे.

उत्तर : तुमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुली मुलुंड-भांडुप-ठाण्याच्या, तेव्हा डॉट इन अगदी पुरेसं आहे. ते निक्सी ही आपल्याकडची संस्था सांभाळते आणि 2005 पासून ते सगळ्यांना खुलं आहे. डॉट कॉमही मिळत असेल तर दोन्ही घ्या आणि एक दुसऱ्यावर वळवा. नुसतं डॉट को मात्र घेऊ नका, ते मुळात कोलंबिया देशाचं आहे आणि आपली माणसं हाताच्या सवयीने पुढे एम टाइप करतातच.

डॉट भारत देवनागरीत 2014 पासून मिळतंय, मराठीतही घेता येतं, आणि आपलं नाव आपल्या लिपीत ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीवर दिसलं की मला मनापासून आनंद होतो. पण अजून बऱ्याच फॉर्ममध्ये तसला ईमेल पत्ता घेत नाहीत, काही ठिकाणी मराठी नावाच्या जागी एक्स-एन आणि दोन डॅश असली अक्षरं उमटतात, त्यामुळे ते जोडीला घ्या, एकटं नको.

घेताना पहिल्या वर्षाची ऑफर बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षीचा रिन्यूअलचा भाव आणि वरचा 18 टक्के जीएसटी धरून हिशोब करा.

प्रश्न : माझं विक्रोळीला एसी-फ्रिज रिपेअरिंगचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी ओळखीच्या एका मुलाने वेबसाइट करून दिली, डोमेनही त्यानेच घेतलं, दरवर्षी मी त्याला जीपे करायचो. आता तो फोन उचलत नाही आणि मागच्या आठवड्यात साइट बंद पडली. टेम्पोवर, बिलबुकावर, बोर्डावर सगळीकडे तेच नाव आहे. परत मिळेल का?

उत्तर : दादा, मिळू शकतं, पण घाईघाईत दुसरं नाव घेऊन बोर्ड बदलायला जाऊ नका. साइट बंद पडली म्हणजे नाव गेलं असं नसतं. होस्टिंग म्हणजे गाळा आणि डोमेन म्हणजे पाटी, गाळ्याचं भाडं थकलं तरी पाटी शिल्लक असू शकते. आधी हूइज नावाच्या तपासणीत तुमचं नाव टाकून बघा. 2018 नंतर मालकाची माहिती बहुतेक झाकलेलीच दिसते, पण नाव कुठल्या कंपनीकडून घेतलंय, कधी घेतलं आणि मुदत कधी संपते हे दिसतं. त्याचा लगेच स्क्रीनशॉट काढून ठेवा. मुदत सहा महिन्यांनी असेल तर हातात वेळ आहे, परवा असेल तर आजच धावपळ करा.

मग त्या मुलाला गाठा, फोन नाही तर घर, घर नाही तर ओळखीचा माणूस. आणि भांडायला जाऊ नका. माझा अनुभव सांगतो, यातली बरीच मुलं लबाड नसतात, वीस गिऱ्हाइकांची नावं एकाच अकाउंटमध्ये घेतलेली असतात, मग नोकरी लागते, कार्डाची मुदत संपते, आणि लाजेपोटी फोन उचलत नाहीत. त्याला सांगा, बाबा रे, तू जिथून नाव घेतलंस त्याच कंपनीत मी माझं अकाउंट उघडलंय, त्यात नाव ढकल. हे सगळ्यात सोपं. ते जमत नसेल तर नावाचं लॉक काढून ऑथ कोड, म्हणजे नाव हलवायचा पासवर्ड, दे म्हणा, तो कोड घेऊन तुम्ही नाव दुसऱ्या कंपनीत नेऊ शकता. डॉट कॉम असेल तर नेताना एक वर्षाचे पैसे लागतात पण ते वर्ष मुदतीत वाढून मिळतं. हलवायच्या आधी डीएनएसच्या पानाचा, म्हणजे नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं त्या नोंदींचा, फोटो काढा, त्यातल्या एमएक्स या ओळींवर तुमचा दुकानाचा ईमेल चालतो, त्या नव्या जागी टाकायच्या राहून गेल्या तर साइट येईल आणि मेल बंद पडेल.

तो भेटलाच नाही तर कागद जमवा : जीपेच्या नोंदी, "डोमेनचे पाठवले" असे मेसेज, जुनी बिलं, गुमास्ता, जीएसटी सर्टिफिकेट, बोर्डाचे जुने फोटो. ते जोडून डोमेनच्या कंपनीला लिहा. नुसत्या तुमच्या शब्दावर ते नाव देणार नाहीत, त्यांच्या लेखी मालक तोच आहे, पण तुमची तक्रार नोंदीवर राहते. त्यानंतर वकिलाची नोटीस, आणि अगदीच नाही तर डॉट इनसाठी निक्सीकडे आणि डॉट कॉमसाठी यूडीआरपी या डोमेनच्या वादांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांखाली तक्रार करता येते. तिथे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : नाव तुमच्या नावाशी किंवा मार्कशी जुळतं, समोरच्याचा त्यावर हक्क नाही, आणि त्याचा हेतू वाईट आहे. हे खर्चिक आहे, म्हणून मी शेवटी ठेवलं. ट्रेडमार्क असेल तर बाजू भक्कम होते, तो मात्र आता तरी करून घ्या, एकट्या मालकाला ऑनलाइन अर्जाची फी एका क्लासला 4,500 रुपये आहे.

आणि बाकीच्या सगळ्यांना कळकळीने सांगतो, वेबसाइट कुणालाही करू दे, भाच्याला, शेजाऱ्याला, एजन्सीला, पण डोमेन घेताना स्वतः शेजारी बसा. ईमेल तुमचा, मोबाइल तुमचा, पैसे तुमच्या खात्यातून, पासवर्ड तुमच्या डायरीत. करणाऱ्याला नेमसर्व्हर, म्हणजे नाव कुठल्या होस्टिंगकडे जातं ती सेटिंग, बदलायला सांगा किंवा तेवढ्यापुरतं लॉगिन द्या, काम झालं की पासवर्ड बदला. डॉट कॉम घेतल्यावर ईमेल पडताळणीचा मेल येतो, तो पंधरा दिवसांत क्लिक केला नाही तर नाव तात्पुरतं बंद करतात, तेव्हा नेहमी उघडता तोच ईमेल द्या.

प्रश्न : 'तुमच्या डोमेनची मुदत संपतेय, लगेच पैसे भरा' असा मेल आलाय. कंपनीचं नाव ओळखीचं नाही. भरू का? मी दहिसरला केटरिंग करते.

उत्तर : नका भरू ताई. मेलमधल्या लिंकला हातही लावू नका. जिथून नाव घेतलं त्याच कंपनीच्या साइटवर स्वतः पत्ता टाइप करून लॉगिन करा आणि खरी तारीख बघा. तारीख खरंच जवळ असेल तर तिथेच भरा.

मुदत उलटली तरी डॉट कॉम लगेच जात नाही. कंपनी 45 दिवसांपर्यंत थांबू शकते, पण पूर्ण 45 दिवस देईलच असं नाही. त्यानंतर 30 दिवस जादा दंड भरून सोडवता येतं, मग पाच दिवसांनी ते कुणालाही मोकळं. माझ्या मावसभावाचं नाव ऐन गणपतीत असं अडकलं होतं, मोदकांच्या ऑर्डरी यायच्या त्याच आठवड्यात साइट उघडेना, आणि सोडवायला त्याला नेहमीच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागले. तेव्हापासून त्याच्याकडे नवं कालनिर्णय भिंतीवर लागलं की वहिनी आधी त्यात दोन तारखा लाल पेनाने लिहितात, एक डोमेनची आणि एक त्याच्या महिनाभर आधीची.