स्टुडिओच्या जुन्या डब्यांत ‘कॉपी’ लिहिलेल्या निगेटिव्ह आहेत. मूळ नाहीत, मग टाकून द्याव्यात का?

टाकू नका. उलट स्कॅनिंगला बसाल तेव्हा आधी तेच लिफाफे उघडा.

तुम्ही लिहिलंय की आजोबांचा दर्यापूरकडे फोटो स्टुडिओ होता, टिनाच्या खोलीत निगेटिव्हचे डबे निघाले, काहींना आंबट वास येतोय आणि सगळं स्कॅन करणं होणार नाही, म्हणून ‘कॉपी’वाले वगळायचा विचार आहे. परतवाड्याकडे डार्करूममध्ये माझीही बरीच वर्षं गेली, म्हणून सांगतो.

आपल्याकडे घरातलं म्हातारं माणूस गेलं की तेरवीच्या आत फ्रेम लागायची, आणि त्या माणसाने जन्मात एकट्याचा फोटो काढलेला नसायचा. मग कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो घेऊन मुलगा यायचा. ‘भाऊ, यातले फक्त बाबा पाह्यजेत मले, मोठे करून द्या.’ त्या फोटोची मूळ निगेटिव्ह कुठल्या गावच्या कुठल्या स्टुडिओत, कुणाला ठाऊक! म्हणून फोटो फळीवर टाचण्यांनी लावायचा, दोन्ही बाजूंनी 45 अंशांत दिवे ठेवायचे आणि फोटोचाच फोटो घ्यायचा. ही कॉपी निगेटिव्ह. तिच्यावर टचिंग करून एन्लार्जरखाली मोठा प्रिंट काढायचा. ग्रुप फोटो गिऱ्हाईक परत घेऊन जायचं.

त्या परत गेलेल्या फोटोंचं पुढे काय झालं असेल? पावसाळ्यात काचेला चिकटले, वाळवीने खाल्ले, जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा माळ्यावरच्या सामानात गेले. म्हणजे आज त्या फोटोच्या सगळ्यात जवळची वस्तू तुमच्या डब्यात आहे. ‘मूळ’ लिहिलेल्या लग्नांच्या निगेटिव्हचे प्रिंट निदान दोन-चार घरांत तरी सापडतील. ‘कॉपी’चं तसं नाही.

एखादी लाइटबॉक्सवर ठेवा आणि भिंगातून बघा. फोटोची पांढरी किनार निगेटिव्हमध्ये काळीभोर दिसेल, कधी नक्षीदार कातरलेली. कोपऱ्यांत टाचण्यांच्या टोप्या, मधोमध घडीची रेघ, एखाद्या कोपऱ्यात पहिल्या स्टुडिओचा उठावाचा शिक्का. आणि मुख्य म्हणजे, गिऱ्हाइकाला फक्त बाबा हवे होते तरी निगेटिव्हवर बहुतेकदा अख्खा ग्रुप उतरलेला असतो, कारण कापाकापी एन्लार्जरखाली व्हायची. भिंतीवरच्या फ्रेममध्ये बाबा एकटे. निगेटिव्हमध्ये शेजारी काका, मागे उभ्या बाया, पुढे चटईवर पोरं. म्हणून स्कॅन करताना चेहऱ्यावर क्रॉप करू नका, काळ्या किनारीसकट पूर्ण फ्रेम घ्या.

काही निगेटिव्हवर चेहऱ्याभोवती लाल रंग फासलेला दिसेल. तो ओपेक. त्यातून प्रकाश जात नाही, त्यामुळे प्रिंटमध्ये मागचं सगळं पांढरं येतं. गालावर, डोळ्यांखाली पेन्सिलीच्या बारीक रेघा असतील, ते टचिंग. दोन्ही तसंच राहू द्या. ओल्या फडक्याने पुसलंत तर आजोबांची मेहनत जाईलच, वर इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, तोही फुगून निघेल.

दर्जा कमी असतो, हे खरं. कॉपीच्या प्रत्येक पिढीत ग्रेन, म्हणजे चित्रातले दाणे, वाढतो आणि साध्या फिल्मवर कॉपी केली की कॉन्ट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, चढतो. धोतर पांढरंफटक, केस काळेठिक्कर. जाणता फोटोग्राफर एक्स्पोजर थोडं जास्त देऊन डेव्हलपिंग कमी करायचा. म्हणून एखादी कॉपी निगेटिव्ह फिकी, सपाट दिसली तर नाक मुरडू नका, तिच्यातच तपशील जास्त असतो. फोटो पिवळा पडून उडाला असेल तर निळा फिल्टर लावला की उठाव यायचा. चांगल्या फोटोवरचा पिवळा डाग लपवायचा असला तर पिवळा फिल्टर. आज फोटोशॉपमध्ये करतात ते तेव्हा लेन्ससमोर व्हायचं.

सिनेमावाल्यांनी याच कामाची नीट शिस्त बसवली होती. कॅमेऱ्यातल्या निगेटिव्हवरून मास्टर पॉझिटिव्ह, तिच्यावरून ड्यूप निगेटिव्ह (म्हणजे डुप्लिकेट), आणि थिएटरच्या प्रिंट त्या ड्यूपवरून, म्हणजे मूळ निगेटिव्ह घासली जायची नाही. कृष्णधवलमध्ये मास्टर पॉझिटिव्ह साधारण 1.4 गॅमाला (गॅमा म्हणजे कॉन्ट्रास्टचं माप) आणि ड्यूप 0.7 ला धुवायचे. गुणाकार 1 च्या आसपास, म्हणून कॉन्ट्रास्ट जिथल्या तिथे राहायचा. 2003 च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्मना (चटकन पेट घेणारा जुना फिल्मचा प्रकार) आग लागली, तेव्हा जळालेल्यांपैकी ज्यांची दुसरीकडे प्रत होती तेवढेच चित्रपट वाचले. तिथे कुणी विचारत नाही की प्रत मूळ होती का.

डब्यात उलट्या छटांचे, म्हणजे काळ्या तोंडाचे नि पांढऱ्या केसांचे कागदी फोटो सापडले तर तेही ठेवा. बहिरमच्या यात्रेसारख्या ठिकाणी पेटी कॅमेरावाले आधी कागदावर निगेटिव्ह काढायचे, ती लेन्ससमोरच्या फळीवर लावून पुन्हा फोटो घ्यायचे आणि पॉझिटिव्ह गिऱ्हाइकाला द्यायचे.

आता वास. आंबट, व्हिनेगरसारखा वास म्हणजे ॲसिटेट फिल्म (नायट्रेटनंतर आलेला ‘सेफ्टी’ प्रकार) कुजतेय. तिच्यातून निघणारं ॲसिड पुढची कूज वाढवतं आणि शेजारच्या फिल्मलाही लागतं. झालेलं परत फिरत नाही, वेग फक्त कमी करता येतो. 21 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रतेत ताजी ॲसिटेट फिल्म साधारण 40 वर्षांनी या वळणावर येते. आपल्याकडच्या मे महिन्यात टिनाखाली काय होत असेल ते तुम्हीच बघा. वासाचे डबे आजच वेगळ्या खोलीत न्या, आणि त्यांतले ‘कॉपी’ लिफाफे सगळ्यांत आधी स्कॅन करा. काठावर इंग्रजीत ‘सेफ्टी’ छापलेलं नसेल आणि फिल्म 1950 च्या आसपासची किंवा आधीची असेल तर ती नायट्रेट असू शकते. काडी लावून खात्री करायला जाऊ नका, भडका उडतो.

ठेवायची जागा म्हणाल तर टिनाची आणि कूलरची खोली सोडून कुठलीही. लोक मायेने कूलरसमोर ठेवतात, पण तो हवा थंड करतो तशी ओलही भरतो आणि इमल्शनमधल्या जिलेटिनवर बुरशी येते. गावात मातीच्या भिंतींचं घर असेल तर आतली खोली बरी. थोड्याच निगेटिव्ह असतील तर दोन झिपच्या पिशव्यांत बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर पाणी सुटेल. डांबरगोळ्या नकोत.

एक काम मात्र स्कॅनिंगच्याही आधी करा: आजोबांचं रजिस्टर शोधा. निगेटिव्हच्या काठावर सुईने कोरलेला नंबर दिसेल. रजिस्टरमध्ये बहुधा त्याच नंबरापुढे गिऱ्हाइकाचं नाव आणि गाव असेल. लिफाफे फाटलेत म्हणून नवीन कराल तेव्हा हा नंबर पेन्सिलने नव्या लिफाफ्यावर उतरवा, आणि निगेटिव्ह आत घालण्याआधी उतरवा.