आयरिश सहकाऱ्यांची गेलिक नावे इंग्रजीत बोलताना कशी उच्चारावीत?

डब्लिनच्या कार्यालयाशी दर आठवड्याला बैठक असते आणि तिथल्या निम्म्या नावांचे स्पेलिंग व उच्चार यांचा काही मेळ लागत नाही, अशी आपली अडचण आहे. ती मला समजते. मात्र हे उत्तर मी लिहायला बसले ते आपल्या प्रश्नातील शेवटच्या वाक्यामुळे: "इतके विचित्र स्पेलिंग ही माणसे ठेवतात तरी कशाला?" ते स्पेलिंग विचित्र नाही, ते आयरिश म्हणजेच आयर्लंडच्या गेलिक भाषेचे आहे आणि आपण ते इंग्रजी समजून वाचत आहोत.

मी 2014 ते 2023 अशी नऊ वर्षे आयर्लंडमधील गॉलवे शहरात राहिले आणि त्यांतील पहिली दोन वर्षे एका दंतवैद्यांच्या दवाखान्यात रुग्णांना नावाने हाक मारून आत पाठवण्याचे काम करीत होते. पहिल्याच आठवड्यात यादीत एन, आय, ए, एम, एच असे नाव आले. मी "नियाम" अशी तीनदा हाक मारली. बाहेर एकच तरुणी बसलेली होती, तिने दोनदा मान वर केली, पुन्हा मासिकात घातली आणि तिसऱ्या वेळी उठून शांतपणे विचारले, "आपल्याला नीव्ह म्हणायचे आहे का?" मी ओशाळून क्षमा मागितली, तेव्हा तिने माझ्या छातीवरील नावाच्या पट्टीकडे बोट दाखवले आणि म्हणाली, "आणि यातला डी काय करतो?"

माझे नाव ज्ञानदा आहे, आणि आपल्याकडील रीतीप्रमाणे त्याचे स्पेलिंग डी, एन, वाय असे सुरू होते. पासपोर्ट काढताना थोरल्या भावाने हट्ट धरला होता की ते बदलून जी, वाय करावे, कारण हिंदीतला 'ग्यान' जगाला ठाऊक आहे आणि मराठीतला 'द्न्य' परक्याच्या जिभेला वळत नाही. मी ऐकले नाही. दादाचे म्हणणे आजही तेच आहे की नाव असे लिहावे, जे अनोळखी माणसाला पहिल्या खेपेस वाचता यावे. त्या तरुणीला मी ज्ञ म्हणजे काय ते सांगितले, तिने तो दोनदा म्हणून पाहिला, आणि दाढ काढून बाहेर आल्यावर सुजलेल्या गालाने "धन्यवाद, द्न्यानदा" असे जवळजवळ बरोबर म्हटले. त्या दिवशी घरी जाऊन मी आयरिश लेखनाचे नियम वाचायला घेतले.

त्यांतील पहिली किल्ली म्हणजे एच हे अक्षर. जुन्या गेलिक लिपीत व्यंजन मृदू झाल्याचे दाखवण्यासाठी त्याच्या डोक्यावर टिंब देत असत. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून आणि छपाईतून रोमन वळण रूढ झाले, तेव्हा त्या टिंबाच्या जागी व्यंजनापुढे एच आला. म्हणून बी-एच आणि एम-एच यांचा उच्चार बहुधा 'व्ह' होतो आणि नीव्ह, शिव्हॉन (Siobhán), कीव्हा (Caoimhe) ही नावे उलगडतात. डी-एच आणि जी-एच बरेचदा स्वरात विरून जातात, जसे टायग (Tadhg) या नावात. दुसरी किल्ली तर मराठी माणसाच्या घरचीच आहे. आपण घोडा-घोड्याला म्हणतो, पण मासा-मास्याला न म्हणता माशाला म्हणतो. तो 'य' स्वतः नाहीसा होतो आणि जाता जाता 'स'चा 'श' करून जातो. आयरिशमध्ये एसशेजारी ई किंवा आय असला की नेमके हेच घडते. शॉन (Seán) या नावातील ई उच्चारण्यासाठी नाहीच. तो केवळ एसला 'श' करण्यासाठी तिथे उभा आहे. सीर्शा (Saoirse) या नावात तर एकाच शब्दात पहिला एस 'स' राहतो, कारण त्याच्यापुढे ए आहे, आणि दुसरा ईमुळे 'श' होतो. त्यातील ए-ओ या जोडीचा उच्चार 'ई', म्हणूनच ईफा (Aoife) आणि कीव्हा. स्वरावरील तिरकी रेघ दीर्घत्व दाखवते. ई-मेलमध्ये ती गाळू नये.

हे नियम कळल्यावर मला थोडा गर्व झाला होता, आणि तो डॉनेगॉलच्या एका मुलीने उतरवला. मी तिला कीव्हा म्हटले. तिच्याकडे, म्हणजे उत्तरेस, त्याच स्पेलिंगला क्वीव्हा म्हणतात. अभिनेत्री सर्शा रोनन स्वतःचे नाव सीर्शा असे न उच्चारता सर्शा असे उच्चारते. अमेरिकेत वाढलेली केटलिन ही केटलिनच असते, मूळ आयरिश उच्चार कॅतलीनच्या जवळचा असला तरी. स्कॉटलंडची नावे पुन्हा वेगळी आहेत: तिथे एम-एचने सुरू होणारी 'वारी' हे मूळचे 'मारी'चे संबोधनाचे रूप आहे. त्यामुळे नियम पाठ असले तरी पहिल्या बैठकीत ज्याचे त्याला विचारावे, आणि उत्तर देवनागरीत टिपून ठेवावे. ईफा लिहिलेले वाचताना चूक होत नाही.

दादाला वाटते की लिओ वराडकर यांचे पहिले नाव सोपे होते म्हणून निभावले. पण 2017 साली ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा मालवण तालुक्यातील वराड गावाचे नाव त्यांच्या आडनावात जसेच्या तसे होते. आयरिश लोक ते 'व्हरॅडकर' असे म्हणतात, हे खरे. परंतु त्यांच्यासाठी ते कोणी कापून लहान केले नाही, आणि ज्या देशात पंतप्रधानांच्या पदाचे नावच 'टीशख' आहे, तिथे तशी मागणीही कोणी केली नाही. हे मी दादाला अनेकदा सांगितले आहे. गेल्या दिवाळीत त्याने पाठवलेल्या फराळाच्या खोक्यावर माझे नाव जी, वाय असेच लिहिलेले होते.