तुमचे विचार समाजवादाकडून खुल्या बाजाराकडे का वळले? सरकारच नसलेला बाजार खरंच चालू शकतो का?

माझ्यापुरतं सांगतो. आमचं गाव निफाड तालुक्यात. वडील, म्हणजे आमचे आबा, शेतकरी संघटनेचे. १९८० साली ऊस-कांद्याच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात रास्ता रोको झाला, त्यात ते होते. त्यांचा लाल बिल्ला अजून देव्हाऱ्याच्या फळीवर आहे. मामा मात्र शाळामास्तर आणि समाजवादी विचाराच्या राष्ट्र सेवा दलाचे. मला वाचायला, चार लोकांत बोलायला मामांनीच शिकवलं, त्यामुळे माझी मतंही त्यांचीच झाली. नव्वदीच्या सुरुवातीला डंकेल प्रस्तावावरून, म्हणजे जागतिक व्यापार खुला करायच्या करारावरून, गदारोळ चालू होता. डावे-उजवे सगळे विरोधात, आणि शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी सांगत होते की बाजार उघडू द्या, शेतकऱ्याचं त्यात भलंच आहे. यावरून आमच्या ओट्यावर आबा आणि मामांची रात्री अकरा-अकरापर्यंत जुंपायची. मी दहा वर्षांचा, मामांना चिकटून बसलेला. आबांना नीट मांडता यायचं नाही. शेवटी ते एवढंच म्हणायचे, "मास्तर, तुमचा पगार कुणी वाटेत अडवतं का? माझा माल अडवतात." मला वाटायचं, आबांकडे मुद्दाच नाही.

पुढे पुण्यात शिकलो. मोर्चे, शिबिरं, खाजगीकरणाविरुद्ध पत्रकं, सगळं मनापासून केलं. आबा २०१९ ला गेले आणि मी शेती बघायला गावी आलो.

२६ नोव्हेंबर २०२३ ला आमच्याकडे गारपीट झाली. द्राक्षबागांचं जे झालं ते बातम्यांत आलंच. आमचा दोन एकर लाल कांदा काढणीला आलेला होता, त्यातला निम्मा वावरातच सडला. उरलेला उपटला, बायका लावून पात कापून घेतली, एकेक कांदा हातानं निवडला. लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत पाच-सहा महिने ठेवता येत नाही, महिनाभरही धड टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. ७ डिसेंबरला पहिली ट्रॉली बाजार समितीत नेली. क्विंटलला ३,३०० रुपये भाव मिळाला. गारपिटीचं नुकसान यात भरून निघणार नव्हतं, पण बियाणं, खत, मजुरी तरी सुटणार होती. संध्याकाळी दुसरी ट्रॉली भरून अंगणात लावली, वरून ताडपत्री टाकली आणि झोपलो.

सकाळी फोनवर कळलं की रात्रीतून निर्यातबंदी झाली. ८ तारखेला लिलाव बंद पडले. चांदवडला शेतकरी मुंबई-आग्रा महामार्गावर उतरले होते. माझी ट्रॉली अंगणातच. रोज सकाळी ताडपत्री काढून हात घालायचा, खालच्या थरातला कांदा गरम लागतोय का बघायचं, ओला झालेला वेचून फेकायचा. पाचव्या दिवशी वास यायला लागला. लिलाव सुरू झाल्यावर ती ट्रॉली मी १,८५० नं दिली.

त्याच आठवड्यात मामांचा फोन आला. "अरे, शहरातल्या गरिबानं कांदा काय भावानं खायचा? सरकारला दोन्हीकडं बघावं लागतं." मी पहिल्यांदाच मामांना उलट बोललो. म्हटलं, "मामा, गरिबाला स्वस्त कांदा द्यायचाय तर सरकारनं बाजारभावानं विकत घ्यावा आणि रेशनवर द्यावा. त्याचा खर्च सगळ्या देशानं उचलावा. तो एकट्या माझ्या ट्रॉलीवर का?" ते म्हणाले, "फेब्रुवारीत सोलापूरला एका शेतकऱ्याला दहा पोती कांद्याचे हातात दोन रुपये आले होते, तेव्हा कुठं होता तुझा बाजार?"

या प्रश्नावर मी पुढचे कित्येक दिवस घालवले, आणि माझं मत बदललं ते इथंच. फेब्रुवारीत भाव पडला तेव्हा सगळे म्हणाले, आवक जास्त, मागणी-पुरवठा आहे, काय करणार. आम्ही तो तोटा सोसला. डिसेंबरात आवक कमी होती आणि भाव चढला, तेव्हा मागणी-पुरवठा कुणालाच आठवला नाही. पडताना बाजार मोकळा आणि चढताना बांधलेला. अशा धंद्यात माणूस शंभर वर्षं राबला तरी वर येणार नाही. याला खुला बाजार म्हणून शिव्या घालणं अन्यायाचं आहे.

पुढचंही बघा. ती बंदी ३१ मार्चपर्यंतची होती, ती वाढवली. मधल्या काळात ठरावीक देशांना, ठरावीक टन, सरकारच्या परवानगीनं कांदा गेला. एप्रिलमध्ये गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला वेगळी वाट करून दिली. ४ मे २०२४ ला बंदी उठली ती टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. दीड वर्षात इतक्या वेळा नियम फिरले, आणि दर वेळी कुठल्या तरी टेबलावर माझ्या मालाची किंमत ठरली. आबांचं "माझा माल अडवतात" मला तेव्हा कळलं. आबा असते तर त्यांच्यासमोर बसून सांगितलं असतं की तुमचं बरोबर होतं.

अनुदानाचं म्हणाल तर ओईसीडी ही श्रीमंत देशांची संघटना आणि इक्रिअर ही दिल्लीची संशोधन संस्था, या दोघांचा २०१८ चा अहवाल काढून बघा. खत-विजेची अनुदानं धरूनही २००० ते २०१६ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला आधार सरासरी उणे १४ टक्के निघाला. म्हणजे धोरणांनी दिलं त्यापेक्षा जास्त काढून घेतलं. साठ्यावर, भावावर सरकारला बंधनं घालू देणारा आवश्यक वस्तू कायदा १९५५ चा, अजून जिवंत. आणि खुल्या बाजाराच्या विचाराचा पक्ष काढून निवडणूक आयोगाकडे नोंदवायचा तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ अ प्रमाणे समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते. शरद जोशींनी राज्यसभेत ही अट काढायचं विधेयक आणलं होतं, अट आजही आहे.

आता सरकारच नको का, हा तुमचा दुसरा प्रश्न. रॉथबार्ड, डेव्हिड फ्रीडमन या सरकारच नको म्हणणाऱ्या अमेरिकन विचारवंतांचं म्हणणं असं की पोलीस, न्यायालयंसुद्धा बाजारातून मिळू शकतात. वाटतं तितकं हे हवेतलं नाही. अंगडिये, म्हणजे व्यापाऱ्यांचे खाजगी निरोपे, हिरे आणि रोकड नुसत्या शब्दावर पोचवतात. हुंडी, म्हणजे व्यापाऱ्यांची पैसे देण्याची चिठ्ठी, शेकडो वर्षं नुसत्या विश्वासावर चालली. भाव, निर्यात, साठा, बियाणं यांतून सरकारनं पूर्ण बाहेर पडावं, याबद्दल माझ्या मनात तसूभरही शंका नाही.

पण त्यापुढं माझं पाऊल अडतं. गावातला माझा शाळेपासूनचा मित्र बौद्ध आहे. मी हे सगळं तावातावानं सांगत होतो तेव्हा तो म्हणाला, "सरकार नव्हतं तेव्हा गाव होतंच की. विहिरीवर आम्हाला कुणी येऊ दिलं होतं?" बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत गावगाड्याबद्दल जे कठोर शब्द वापरले ते याच अनुभवातून. मित्राला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. आणि व्यापाऱ्याचा चेक वटला नाही तर मीही कोर्टाचीच पायरी चढणार. म्हणून मी स्वतःला राज्यविहीन वगैरे म्हणवत नाही. न्याय आणि संरक्षण सरकारनं करावं, माझ्या ट्रॉलीला हात लावू नये.

तुमच्याही घरात असा वाद असेल तर पुस्तकं पुढं करू नका, हिशोबपट्टी पुढं करा. मी मागच्या दिवाळीत तेच केलं. मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या हातात दोन्ही पट्ट्या दिल्या, एक ३,३०० ची, एक १,८५० ची. त्यांनी चष्मा लावून तारखा वाचल्या, वजनं वाचली, तपासायच्या वहीसारख्या दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. मग विचारलं, "मधल्या दिवसांत कांद्याला काय झालं होतं रे?"

मी म्हटलं, "मामा, वावर तेच, ट्रॉली तीच. पाच दिवस अंगणात झाकून ठेवावा लागला, तेवढंच."

ते काही बोलले नाहीत. पट्ट्या घडी करून त्यांनी आबांच्या बिल्ल्याशेजारी ठेवल्या.