रँडम.पीवाय नावाच्या फाइलमध्ये रँडम इम्पोर्ट केलं की एरर का येतो?

तुमचं पायथन ठणठणीत आहे, ते काढून पुन्हा इन्स्टॉल करायची गरज नव्हती. तुम्ही म्हणता, फाशाचा खेळ करायला रँडम.पीवाय ही फाइल केली, वर 'इम्पोर्ट रँडम' लिहिलं (रँडम म्हणजे पायथनसोबत येणारं, कसेही आकडे काढून देणारं मॉड्यूल, इम्पोर्ट करून वापरायचा तयार कोड), खाली रँडम.रँडइंट(१, ६), आणि चालवल्यावर 'रँडममध्ये रँडइंट नावाचं ॲट्रिब्यूटच (म्हणजे आतलं नाव) नाही' असा एरर आला. गोम फाइलच्या नावात आहे. फाइलचं नाव फासा.पीवाय करा, लगेच चालेल.

नाव बदलून मोकळे होऊ नका मात्र. हा एरर नीट समजला की इम्पोर्टचं निम्मं कोडं सुटतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

'इम्पोर्ट रँडम' म्हटल्यावर पायथन आधी सिस.मॉड्यूल्स ही डिक्शनरी बघतं: या नावाचं मॉड्यूल आधीच लोड झालंय का? झालं असेल तर तेच देतं, शोधाशोध करत नाही. नसेल तर इंटरप्रिटरच्या (तुमचा कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आतच असलेली मॉड्यूल्स बघतं. तिथेही नाही मिळालं तर सिस.पाथ या यादीतले फोल्डर एकेक करून धुंडाळतं. यादीत सगळ्यात वर असतो तुम्ही चालवलेल्या फाइलचा फोल्डर, पायथनची स्वतःची लायब्ररी (स्टँडर्ड लायब्ररी) त्याच्या खाली. त्यामुळे खरं रँडम सापडायच्या आधी तुमचंच सापडतं.

विश्वास बसत नसेल तर जुनं नाव ठेवूनच एक प्रयोग करा. फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत प्रिंट(__नेम__) लिहा आणि चालवा. एकच फाइल चालवली, पण दोन ओळी छापल्या जातील: आधी __मेन__, मग रँडम. म्हणजे मुख्य प्रोग्रॅम म्हणून फाइल सुरू झाली, इम्पोर्टच्या ओळीवर आली, आणि तीच फाइल रँडम नावाचं मॉड्यूल म्हणून पुन्हा पहिल्या ओळीपासून चालू लागली. या दुसऱ्या फेरीत इम्पोर्टची ओळ आली तेव्हा सिस.मॉड्यूल्समध्ये रँडम होतं, पण अर्धवट. पायथनने तेच पुढे केलं. त्यात रँडइंट कुठून येणार? एररच्या संदेशात 'पार्शली इनिशलाइझ्ड' असे शब्द दिसतात ते याच अर्धवट मॉड्यूलबद्दल. ट्रेसबॅकही (एररसोबत छापली जाणारी ओळींची साखळी) नीट वाचा, तुमच्याच फाइलचं नाव तिथे दोनदा आहे. पायथन ३.१३ पासून त्या शब्दांऐवजी संदेशच सांगतो की या फाइलचं नाव स्टँडर्ड लायब्ररीतल्या मॉड्यूलशी जुळतंय, ते बदलून बघा.

हा घोळ एका फाइलपुरता राहत नाही. त्याच फोल्डरमधल्या दुसऱ्या एखाद्या फाइलने टेम्पफाइल (तात्पुरत्या फाइली बनवणारं मॉड्यूल) इम्पोर्ट केलं तर तीही कोसळेल, कारण टेम्पफाइल आतून रँडम वापरतं. कधी शंका आली तर प्रिंट(रँडम.__फाइल__) करून बघा, मॉड्यूल कुठून उचललंय तो पत्ता छापला जातो. मी एररवर डोकं खपवण्याआधी हे करतो. नाव बदलल्यावर __पायकॅश__ फोल्डर (पायथन इम्पोर्ट केलेल्या फाइलींच्या तयार नकला ठेवतं तो) पुसायचा सल्लाही मिळेल, पण पायथन ३ मध्ये मूळ फाइल नसेल तर आतली जुनी नक्कल इम्पोर्ट होत नाही. पुसला तरी बिघडत नाही, इतकंच.

टाइम.पीवाय नाव दिलंत तर उलटंच होईल. टाइम हे इंटरप्रिटरच्या आतलं मॉड्यूल असल्याने तुमच्या फाइलकडे कुणी बघणारच नाही, आणि 'मी लिहिलेलं फंक्शन गेलं कुठे' म्हणून तुम्ही शोधत बसाल. टाळायची नावं हवी असतील तर पायथन ३.१० पासून सिस.एसटीडीलिब_मॉड्यूल_नेम्स मध्ये सगळी मिळतात.

तुमचा दुसरा प्रश्न: सगळीकडे 'फ्रॉम अमुक इम्पोर्ट स्टार' (स्टार म्हणजे *, मॉड्यूलमधली सगळी नावं एकदम आणणं) लिहिलं तर काय हरकत आहे, टायपिंग वाचतं. माझं स्पष्ट मत, लिहू नका. 'फ्रॉम ओएस इम्पोर्ट स्टार' करून नंतर ओपन('यादी.टीएक्सटी') लिहून बघा. फाइल उघडणार नाही, 'फ्लॅग्स' हे आर्ग्युमेंट दिलेलं नाही अशी तक्रार येईल. ओएसचं स्वतःचं ओपन वेगळं आहे, आणि त्याने तुमचं नेहमीचं ओपन गुपचूप झाकलं. मॅथनंतर सीमॅथही (काल्पनिक भाग असलेल्या संख्यांचं गणित) स्टारने आणलंत तर एसक्यूआरटी(४) चं उत्तर २.० ऐवजी (२+०जे) येईल, आणि इथे तर एररही नाही. चुकीचं काही घडलंय हे कळणार तरी कसं? त्यापेक्षा 'फ्रॉम रँडम इम्पोर्ट रँडइंट' असं नाव घेऊन आणा, किंवा सरळ 'इम्पोर्ट रँडम'. सहा महिन्यांनी कोड वाचताना कुठलं फंक्शन कुठून आलं ते ओळीतच दिसतं.

आता शेलबद्दल, म्हणजे एकेक ओळ लिहून लगेच चालवायची पायथनची खिडकी. तिथे इम्पोर्ट केल्यावर फाइलमध्ये बदल केलात आणि पुन्हा इम्पोर्ट केलंत तरी जुनंच चालतं, याचंही कारण सिस.मॉड्यूल्सच आहे: एकदा लोड झालेली फाइल पुन्हा चालवली जात नाही. इम्पोर्टलिब.रीलोड(फासा) केलं तर मॉड्यूल ताजं होतं, पण 'फ्रॉम' वापरून आधी घेतलेली नावं जुन्याच फंक्शनकडे बोट दाखवत राहतात. शिकत असेपर्यंत शेल बंद करून नव्याने सुरू करा, ज्युपिटर नोटबुकमध्ये असाल तर कर्नल (मागे चालणारं पायथन) रीस्टार्ट करा.